‘मेहनती, मनमिळाऊ, प्रेमळ’: यातलं पेशंटच्या कामाचं काय?

पत्राचा गोषवारा: ऑक्युपेशनल थेरपीच्या (आजार किंवा इजेनंतर पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराच्या) शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी लिहिते. इंटर्नशिपच्या आधी त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घेतात: पाच जमेच्या बाजू, पाच कच्च्या बाजू. तिनं जमेला ‘मेहनती, मनमिळाऊ, प्रेमळ, संयमी, शिकण्याची तयारी’ असं लिहिलं आणि कच्च्याला ‘परफेक्शनिस्ट, भावनाप्रधान, आत्मविश्वास कमी, इंग्रजी कच्चं, मदतीची सवय लागलेली’. मॅडमनी फॉर्म परत दिला. ‘हा कुणाचाही असू शकतो. आठ दिवसांत पुन्हा लिहून आण.’ तेव्हापासून तिची झोप उडाली आहे. ती तालुक्याच्या गावातून, मराठी शाळेतून आलेली. नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत म्हणून या शाखेकडे वळली. मैत्रीण पेशंटची केस फाडफाड मांडते, हिची मात्र सरांपुढे ततपप होते. लहान मुलांच्या विभागात एकदा डोळ्यांत पाणीही आलं. तिचे प्रश्न दोन. खरं लिहिलं तर गुण कापले जातील का? आणि एवढे दोष असतील तर मी या कामाची नाहीच का?

तुझा फॉर्म परत आला हे बरं झालं. तसाच फाइलला लागला असता तर पुढच्या सहा महिन्यांत त्याचा तुला काडीचाही उपयोग झाला नसता. मॅडमना तू कच्ची वाटलीस म्हणून त्यांनी तो परत केला, असं तू धरून चालली आहेस. त्यांचं वाक्य पुन्हा वाच: ‘हा कुणाचाही असू शकतो.’ ही तक्रार तुझ्या विशेषणांबद्दल आहे.

मेहनती, मनमिळाऊ, संयमी हे शब्द नोकरीच्या अर्जात चालतात, स्थळाच्या बायोडाटात तर हटकून असतात. तिथं ते खपतात, कारण ते तपासायला कुणी बसलेलं नसतं. पण समज, अर्धांगवायूच्या पेशंटच्या फाइलमध्ये तू लिहिलंस, ‘पेशंट अशक्त आहे, स्वभावानं हट्टी आहे.’ चालेल? लगेच प्रश्न येतील. कुठला स्नायू, ताकद कितव्या ग्रेडची? खांदा किती अंशांपर्यंत गेला, त्यांनी उचलला की तू उचललास? शर्टाची पाच बटणं लावायला किती वेळ लागला, कितव्या बटणाला अडलं, ते बसले होते की उभे?

हीच शिस्त स्वतःला लाव. माझं मुख्य म्हणणं एवढंच, बाकीचं सगळं उत्तर त्याचा तपशील आहे. माणूस, त्याचं काम आणि भोवतालची परिस्थिती या तीन गोष्टी सुट्या करून पाहायच्या आणि त्यांची सांगड कुठं बसत नाही ते शोधायचं, हे तुमच्या शाखेत सुरुवातीपासून शिकवतात. पेशंटपुरतं ते तुला पाठ आहे. स्वतःबद्दल लिहायची वेळ आली की मात्र राशिभविष्याची भाषा!

पत्रात तू म्हणतेस, ‘मी स्वतःला चांगली ओळखते, म्हणूनच इतके दोष दिसतात.’ याबद्दल मला शंका आहे. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण अशा चाचण्या दिल्या आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठं असू याचा अंदाज विचारला. तळाच्या पाव हिश्श्यातले विद्यार्थी सरासरीनं शंभरात खालून बाराव्या पायरीवर होते, त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र बासष्टाव्या पायरीचा होता. सगळ्यात वरचे उलट स्वतःला थोडं खाली धरत होते, कारण आपल्याला जमतं ते सगळ्यांनाच जमत असणार अशी त्यांची समजूत. पुढे २००६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉक्टरांच्या आत्मपरीक्षणाचा आढावा आला. डॉक्टरचं स्वतःबद्दलचं मत आणि बाहेरून केलेलं मोजमाप यांच्या २० तुलनांपैकी १३ मध्ये दोहोंचा मेळ फारसा नव्हता, अजिबात नव्हता किंवा उलटाच होता. ही डॉक्टरांची गत. तेव्हा डोळे मिटून ‘मी कशी आहे’ असा विचार केल्यावर जे सुचतं, त्यावर फार विसंबू नकोस. तुझ्या जमेच्या यादीवर नको आणि दोषांच्या यादीवर तर त्याहून नको. मैत्रिणीबद्दलचं तुझं मतसुद्धा फक्त तिच्या बोलण्यावर बेतलेलं आहे. तिचे पेशंट घरी जाऊन काय करतात, हे तू कुठं पाहिलं आहेस?

मग लिहायचं कशाच्या आधारावर? आठ दिवस हातात आहेत, म्हणजे साधारण दहा-बारा पेशंट. एक छोटी वही कर. प्रत्येक कामाच्या आधी, कुणी तपासण्यापूर्वी, दोन गोष्टी लिही: हे मला दहापैकी किती जमेल, आणि यात कुठल्या दोन चुका निघतील. काम झाल्यावर सरांनी, मॅडमनी किंवा इंटर्ननं दहापैकी किती दिले आणि काय काढलं ते खाली लिही. बास. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याच दिवशी झालं पाहिजे. रात्री होस्टेलवर आठवून लिहिलेलं सगळं ‘ठीक झालं’ किंवा ‘पार वाट लागली’ या दोनच रंगांत उतरतं. दहा नोंदी झाल्या की अंदाज आणि निकाल यांतला फरक पाहा. जिथं तू चार म्हणालीस आणि वरून सात आले, तिथली भीती बिनबुडाची होती. जिथं तू आठ म्हणालीस आणि दोन वेगळ्याच चुका निघाल्या, ती तुझी खरी कच्ची बाजू, कारण ती तुला दिसतच नव्हती.

एक उदाहरण जवळून पाहू. मनगट लोंबकळणाऱ्या पेशंटसाठी तुला कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे गरम करून मऊ केलेल्या प्लास्टिकचा मनगटाला धरून ठेवणारा आधार, करायचं आहे. मनगट २० ते ३० अंश वर, लांबी कोपराखालच्या हाताच्या दोन-तृतीयांश, खोली हाताच्या जाडीच्या निम्मी. तळहातावरची बोटांकडची आडवी रेष मोकळी, म्हणजे मूठ वळेल. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा मोकळा, म्हणजे अंगठा करंगळीकडे जाईल. स्प्लिंट झालं, बघायला गेलं तर मनगट जेमतेम १० अंशांवर आणि आतून तीन ठिकाणी खड्डे. तू फॉर्मवर लिहिणार, ‘स्प्लिंटिंग कच्चं आहे’. पण यात कच्चं नेमकं काय? शक्यता निदान चार आहेत.

पहिली, किती अंश हवेत हेच तुला पक्कं माहीत नव्हतं. ही माहितीची कमतरता, एका संध्याकाळी भरून निघते. दुसरी, माहीत होतं, पण प्लास्टिक मऊ असताना तू ते बोटांच्या टोकांनी दाबलंस, म्हणून खड्डे पडले. तिथं तळहातानं पसरून धरायचं असतं. ही हाताची कमतरता. ती पुस्तक वाचून जात नाही, उरलेल्या तुकड्यांवर मैत्रिणीच्या हाताचे पाच-सहा स्प्लिंट केले की जाते. तिसरी, धरलं नीट, पण गार व्हायच्या आत सोडलंस आणि पेशंटनं मनगट खाली टाकलं. हा क्रमाचा आणि धीराचा प्रश्न. कोपर टेबलावर टेकवून हात उभा ठेवला असता, पेशंटला आधीच सांगितलं असतं, तर एवढ्यावर निभावलं असतं. चौथी, एरवी सगळं जमतं, पण मॅडम मागे उभ्या राहिल्या की घाई होते. ही प्रसंगाची कमतरता, तिचा स्प्लिंटशी काही संबंध नाही.

चारही ठिकाणी बाहेरून दिसणारी चूक एकच, उपाय मात्र चार वेगळे. ‘स्प्लिंटिंग कच्चं’ असं लिहून जी मुलगी चौथ्या कारणासाठी पुन्हा पुस्तक उघडून बसते, ती महिनाभर कष्ट करते आणि मॅडम मागे उभ्या राहिल्या की पुन्हा तिथंच अडते. कुठलं कारण आहे हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात. निवांत बसून विचारलं तर मला सांगता येतं का? दुप्पट वेळ दिला तर करता येतं का? कुणी बघत नसताना होतं का? पहिल्याला ‘नाही’ आलं तर माहिती, पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ आलं तर हात, नुसता धीर धरल्यानं जमलं तर क्रम, आणि एकटीला जमत असेल तर प्रसंग. (स्प्लिंट दिल्यावर वीस-तीस मिनिटांनी काढून त्वचेवरची लाली बघायची आणि पुढच्या वीस मिनिटांत ती गेली नाही तर तिथं सुधारायचं, हे तू करतेस की पेशंट घाईत आहे म्हणून सोडून देतेस? वहीत हेही येऊ दे. तुमच्या वर्गातल्या निम्म्या जणींचं उत्तर प्रामाणिक असेल तर ते अवघड जाईल.)

आता ‘इंग्रजी कच्चं’. इथं तू दोन गोष्टींची गाठ मारली आहेस असा माझा दाट संशय आहे. आज रात्री रूममेटला समोर बसव आणि कालचीच केस तिला मराठीत सांग. घड्याळ लाव, पाच मिनिटं. सरळ सांगितलीस तर अडचण इंग्रजीचीच आहे, आणि ती तुलनेनं सोपी. प्रेझेंटेशनला लागणारी वाक्यं फार तर चाळीस असतील, तीच तीच येतात, पाठ होतात. पण मराठीतही तू नाव, वय, पत्ता, मग एकदम स्नायूंची ताकद, मग घरची परिस्थिती, मग ‘अरे हो, त्यांचा उजवा हात’ अशी भरकटलीस तर कच्चा आहे विचारांचा धागा. उद्या लंडनमध्ये जन्मलेल्या मुलीचं इंग्रजी तुला मिळालं तरी ती केस तशीच विस्कटलेली राहील. धागा हा असा ठेव: पेशंट कोण आणि काय काम करायचा, आज त्याला कुठली तीन कामं जमत नाहीत, प्रत्येक का जमत नाही, त्यातलं आधी काय धरायचं आणि का, आणि आज मी त्यासाठी काय केलं. एका पानावर पाच ओळी. मोजमापाचे आकडे ‘का जमत नाही’ याच्या खाली येतात, सुरुवातीला नव्हे. बहुतेकांची केस आकड्यांच्या ढिगाखाली गुदमरते ती इथंच.

मराठीवरून तू स्वतःला कमी लेखतेस, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. पेशंट रोजच्या कामांत किती स्वावलंबी आहे हे मोजणारा बार्थेल इंडेक्स तुला तोंडपाठ असेल: दहा बाबी, शंभर गुण. खाणं, आंघोळ, कपडे, जिने, सगळं आहे. पण मांडी घालून जमिनीवर बसणं आणि तिथून उठणं नाही. भाकरी थापणं नाही. म्हणजे एखाद्या आजींना ९० गुण मिळतात, फाइलवर त्या जवळजवळ स्वावलंबी ठरतात, आणि घरी जाऊन पाहिलं तर पंगतीत बसता येत नाही आणि देशी संडासात जायला सून धरते. ‘आजी, घरी जेवायला कुठं बसता? उठताना कशाला धरता? भाकरी कोण करतं, आणि आधी कोण करायचं?’ हे तीन प्रश्न तू त्यांच्या बोलीत, त्यांना न बुजवता विचारू शकतेस. भाकरी थापायची म्हणजे परातीत पीठ मळताना एक हात परात धरतो आणि दुसरा जोर लावतो, थापताना बोटं ताठ आणि पसरलेली लागतात, तव्यावर टाकताना दोन्ही तळवे वर करून तोल सांभाळावा लागतो, आणि पाणी फिरवताना चटका बसायच्या आत हात मागे घ्यावा लागतो. डाव्या हाताची संवेदना गेलेल्या बाईसाठी यातली शेवटची पायरी धोक्याची, पण परात न सरकण्यासाठी खाली ओलं फडकं घालून पहिली पायरी उद्याही करून घेता येईल. असं कामाचं पृथक्करण तू करून दाखवलंस तर ती तुझी जमेची बाजू. नुसतं ‘मला मराठी चांगलं येतं’ ही नव्हे. पुरावा काय, तर तुझ्या प्रश्नामुळे पेशंटच्या योजनेत काय बदललं. काहीच बदललं नसेल तर ती केवळ छान गप्पा मारणारी मुलगी.

आता तुझ्या यादीतला मला सगळ्यात जास्त खटकलेला शब्द: ‘प्रेमळ’. तो तू जमेला टाकला आहेस. मी तो आधी तपासून घेईन.

पेशंट बटण लावताहेत. अंगठा आणि तर्जनीत बटण आलंय, काजापर्यंत गेलंय, निसटलं. पुन्हा धरलं. कपाळावर घाम. समोर बसलेल्या विद्यार्थिनीचा हात आपोआप पुढे जातो आणि टक्कन बटण लागतं. पेशंट हसतात, ‘बाई फार मायाळू आहे’ म्हणतात. ती सुखावते. आणि थेरपी तिथं संपलेली असते, कारण तिसऱ्या प्रयत्नाला कदाचित ते स्वतः लावणार होते. एक करून बघ: पुढच्या पाच पेशंटना काम देताना हात मांडीवर ठेव आणि अडलं की मनात दहापर्यंत मोज. मागितल्याशिवाय किती वेळा हात पुढे गेला त्याच्या रेघा वहीत ओढ. पाच सेशनमध्ये आठ-दहा रेघा निघाल्या तर ‘प्रेमळ’ हा शब्द जमेच्या रकान्यातून उचल आणि कच्च्या रकान्यात ठेव, नीट नाव देऊन: ‘पेशंट धडपडताना मला बघवत नाही, मी लवकर मदत करते.’ असं वाक्य वाचलं की कुठलाही शिक्षक मान वर करून बघतो, कारण आता त्याला तुला काय शिकवायचं ते कळतं.

तुमच्याच शाखेतल्या अभ्यासक रेने टेलर यांनी २००८ मध्ये थेरपिस्टच्या पेशंटशी वागण्याचे सहा ढंग मांडले: त्याची बाजू लावून धरणं, त्याच्या सोबतीनं ठरवणं, समजून घेणं, उमेद देणं, शिकवणं आणि अडचण सोडवणं. प्रत्येकाचे एक-दोन ढंग हातचे असतात आणि एखादा जवळजवळ नसतोच. तुझं पत्र वाचून वाटतं की समजून घेणं आणि उमेद देणं तुला सहज जमतं, शिकवण्याचा ढंग कमी पडतो. चूकही असेल माझी. तपासायची रीत अशी: घरी करायचे व्यायाम नातेवाइकांना सांगून झाले की ‘कळलं ना?’ असं विचारायचं नाही, त्याला ‘हो’शिवाय उत्तर नसतं. ‘वहिनी, आता मला पेशंट समजा आणि करून दाखवा’ असं म्हणायचं. तीनपैकी किती बरोबर दाखवले ते लिही. तू सात व्यायाम सांगितले असशील तर तिथंच चुकलीस, घरी गेल्यावर सातातला एकही धड होत नाही.

भावनाप्रधान असण्याचं मी लांबवत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलाची आई पहिल्यांदा ‘हा चालेल ना?’ असं विचारते तेव्हा डोळे भरून येणं ही कच्ची बाजू नाही. पाहायचं एवढंच: सेशन थांबलं का, आणि आईला तुझं सांत्वन करावं लागलं का. दोन्हींना ‘नाही’ असेल तर तो शब्द यादीतून काढ. झोप उडाल्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि जेवण बिघडलेलं राहिलं तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन कर. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. ‘परफेक्शनिस्ट’ही काढ. मुलाखतीत दोष विचारला की गुण सांगायची ती जुनी युक्ती आहे, तुझ्या मॅडमनी ती शंभर फॉर्मवर वाचली असणार.

गुणांची भीती खोटी नाही. काही ठिकाणी असा फॉर्म खरोखर विद्यार्थ्याच्याच विरुद्ध वापरला जातो. तीन वाटा आहेत. गुळगुळीत लिहायचं: ती तू चालून पाहिलीस. सगळं ओकायचं: दहा दोष, रडणं, नीटचे गुण, घरची परिस्थिती. हे नको. ते तुझं खासगी आहे आणि वाचणाऱ्याला त्यातून काही करता येत नाही. तिसरी वाट, वही आपली आणि फॉर्म त्यांचा. वहीत सगळं, फॉर्मवर त्यातल्या निवडक दोन-तीन कच्च्या बाजू, प्रत्येकीसोबत पुरावा, कारण आणि सुरू केलेला उपाय. पाच रकाने असले तरी तीन भरून ‘बाकीच्या अजून तपासते आहे’ असं लिहायला हरकत नाही. उपायासकट लिहिलेल्या दोषाबद्दल गुण कापणं शिक्षकालाही जड जातं.

एक अपवाद, आणि त्यात गुणांचा हिशोब करायचा नाही. पेशंटला इजा होऊ शकेल अशी कमतरता फॉर्मची वाट पाहत नाही, ती त्याच क्षणी तोंडानं सांगायची. बेडवरून व्हीलचेअरवर घेणं हे नेहमीचं ठिकाण. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, बेडशी ३० ते ४५ अंशांत, दोन्ही ब्रेक लावलेले, पायाच्या पट्ट्या वर केलेल्या, पेशंटचे तळपाय जमिनीला टेकलेले. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळायला तेवढं पुरतं. समोरचे काका नव्वद किलोंचे आहेत आणि तुझे पाय कुठं ठेवायचे याबद्दल मनात किंचितही शंका आहे, तर ‘सर, हे मी एकटी करणार नाही, कुणीतरी सोबत द्या’ असं वॉर्डात मोठ्यानं म्हणायचं. इतर वेळी ‘आत्मविश्वास कमी’ म्हणून हिणवली जाणारी मुलगी इथं बरोबर असते. तुझ्या पाचव्या मुद्द्यातली ‘मदतीची सवय’ जर हीच असेल तर ती सरळ जमेत धर. साधं नोंदीचं वाक्य लिहायलाही तू कुणाला तरी विचारतेस असं असेल तर तो वेगळा प्रश्न, तिथं आधी स्वतः लिहून मग दाखव.

मत विचारायचं तेही नीट विचार. ‘मॅडम, माझं कसं झालं?’ याचं उत्तर ‘ठीक आहे, वाच अजून’ असंच येतं. सेशनच्या आधी सांग, ‘मी आज लवकर मदत करते का, एवढंच पाहाल का?’ बघणाऱ्याला एकच गोष्ट बघायला दिली की ती तो खरंच बघतो. सरांना वेळ नसेल तर इंटर्नला सांग. तिला तू आत्ता जिथं आहेस ते आठवत असतं.

मग निवड. सगळ्या कच्च्या बाजू एकदम धरल्या तर एकही सुटत नाही. पेशंटनं स्वतःच आपल्या कामांना गुण द्यायचं कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर हे मोजमाप तुम्ही वापरता ना, तेच इथं लाव: प्रत्येक बाबीचं महत्त्व दहापैकी, सध्याची कामगिरी दहापैकी, समाधान दहापैकी. महत्त्व जास्त आणि कामगिरी कमी अशी एकच उचल. पुन्हा मोजशील तेव्हा दोन गुणांचा फरक म्हणजे खरा फरक, हे तुला माहीत आहेच. आणि ध्येय लिहायला गोल अटेनमेंट स्केलिंग, किरेसुक आणि शर्मन यांचं, १९६८ पासूनचं: अपेक्षित निकाल शून्यावर, त्याहून चांगला अधिक एक-दोनवर, त्याहून कमी वजा एक-दोनवर. तुझ्या केस मांडण्याचं असं होईल: आज बारा मिनिटं लागतात, सतत कागदाकडे बघते, ध्येय सांगायचं राहून जातं, हे वजा एक. सहा आठवड्यांनी आठ मिनिटं, कागदाकडे चारदाच पाहणं आणि ध्येय कारणासह सांगणं, हे शून्य, म्हणजे अपेक्षित. त्याखेरीज सरांच्या दोन प्रश्नांना न गडबडता उत्तर, हे अधिक एक. अनोळखी केस अर्ध्या तासाच्या तयारीनं तशीच मांडणं, हे अधिक दोन. आणि केस मांडायची वेळ आली की सुट्टी टाकणं, हे वजा दोन. शेवटची पायरी लिहायला लाजू नकोस, घसरण कशी दिसते हे आधीच लिहिलेलं असलं की ती ओळखता येते.

‘मी या कामाची नाहीच का?’ याचं उत्तर मी देणार नाही, नीटचे गुण तर अजिबात देऊ शकत नाहीत. एमबीबीएस हुकलं हा प्रवेशाच्या वर्षाचा निकाल होता. भारतात या विषयाचं शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं, ते स्वतंत्र विषय म्हणून, हुकलेल्यांची सोय म्हणून नव्हे. तुझ्या वहीलाच विचार: कुठल्या पेशंटच्या नोंदी लांब आहेत? कुठं तू वेळ संपल्यावरही थांबलीस? हातांच्या विभागात, मुलांच्या, मानसिक आरोग्याच्या, कुठं पान भरलंय आणि कुठं दोन ओळींत उरकलंय? सहा महिन्यांच्या इंटर्नशिपनंतर त्या पानांकडे पाहून ठरव. आत्ता नको.

फॉर्मचा नमुना देतो, शब्द तुझे घाल. जमेची बाजू: ‘घरच्या कामांबद्दल पेशंटच्या बोलीत विचारू शकते. अमुक आजींच्या बाबतीत जमिनीवरून उठणं ही अडचण यामुळे कळली आणि ती योजनेत घेतली.’ कच्ची बाजू: ‘पेशंट अडला की लवकर मदत करते. पाच सेशनमध्ये न मागता नऊ वेळा. कारण, शांतता सहन होत नाही. आता दहापर्यंत मोजते, शेवटच्या दोन सेशनमध्ये तीन वेळा.’ पेशंटचं नाव घालायचं नाही. खाली सहा आठवड्यांनंतरची तारीख टाक आणि त्या दिवशी ही वही कुणाला दाखवणार आहेस, त्या एका व्यक्तीचं नाव लिही. शक्यतो त्या मॅडमचंच.